बिस्किटातले ७६ पैसे, कंपन्यांचे १७

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यात २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत ७६ पैसे जीएसटी होता. हिशोब सोपा आहे. दर १८ टक्के, आणि तो छापील किमतीतच धरलेला; म्हणून पाचाला ११८ ने भागायचं आणि १८ ने गुणायचं. २२ सप्टेंबरपासून दर ५ टक्क्यांवर आला आणि ७६ पैशांचे २४ पैसे झाले. सकाळी मजूर अड्ड्यावर कामाची वाट बघत उभा असलेला माणूस चहाबरोबर जो पुडा फोडतो, त्याच्यावर १ जुलै २०१७ पासून आठ वर्षांहून जास्त काळ हा ७६ पैशांचा कर बसत होता. त्याच्याकडे पॅन कार्ड असो वा नसो, रिटर्न भरण्याइतकी कमाई असो वा नसो.

या दरकपातीला सरकारने ‘बचत उत्सव’ म्हटलं. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर. वह्या, पेन्सिली १२ वरून शून्यावर, खोडरबर ५ वरून शून्यावर. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याचा हप्ता १८ वरून शून्यावर. चांगलं झालं, हे आधी म्हणतो. डाव्या विचाराचा माणूस सरकारच्या कुठल्याच गोष्टीला चांगलं म्हणत नाही, अशी तक्रार घरातूनच ऐकावी लागते. पण आकडे हाताशी आहेत तर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. सिमेंट, छोट्या गाड्या, मोटारसायकली सगळं धरून या कपातीमुळे वर्षाला किती महसूल बुडेल? केंद्राचाच अंदाज होता ४८ हजार कोटी रुपये, आणि त्यातला भार केंद्र आणि राज्यं दोघांवर.

आता दुसरी एक कपात बघा. २० सप्टेंबर २०१९ ला पणजीत जीएसटी परिषदेची बैठक होती. त्याआधी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषद घेतली आणि कंपनीकराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के. नव्याने सुरू होणाऱ्या कारखानदार कंपन्यांना तर १५ टक्के. संसदेत चर्चा नाही, थेट अध्यादेश. वर्षाला बुडणारा महसूल, पुन्हा सरकारच्याच अंदाजाने, १.४५ लाख कोटी. त्या दिवशी सेन्सेक्स १,९२१ अंकांनी उसळला.

४८ हजार कोटी आणि १.४५ लाख कोटी. पहिली सवलत १४० कोटी लोकांच्या रोजच्या खरेदीवरची. तिला आठ वर्षं लागली. दुसरी तिच्या तिप्पट, आणि ती एका सकाळी झाली. माझं राजकारण कुठून येतं असं कोणी विचारलं तर मार्क्सच्या आधी मी हे दोन आकडे सांगतो.

अर्थसंकल्पाबरोबर दरवर्षी ‘रुपया कुठून येतो, कुठे जातो’ असं एक गोल चित्र छापतात. वर्तमानपत्रंही ते पहिल्या पानावर टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. जुलै २०१९ चं, म्हणजे पणजीच्या घोषणेच्या दोन महिने आधीचं चित्र आणि फेब्रुवारी २०२५ चं चित्र शेजारी शेजारी ठेवा. २०१९-२० च्या रुपयात कंपनीकराचे २१ पैसे होते आणि व्यक्तींच्या आयकराचे १६. २०२५-२६ च्या रुपयात कंपनीकराचे १७ आणि आयकराचे २२. जीएसटी १९ वरून १८, जवळपास जागच्या जागी. कर्ज २० वरून २४. हे अर्थसंकल्पी अंदाज आहेत, प्रत्यक्ष वसुली थोडी इकडेतिकडे होते. पण चार ते सहा पैशांची ही अदलाबदल अंदाजातल्या चुकीची म्हणता येत नाही. शिवाय २०२५-२६ म्हणजे बारा लाखांपर्यंत आयकर माफ केल्याचं वर्ष. एक लाख कोटी सोडल्याचं सांगूनही व्यक्तींकडून २२ पैसे अपेक्षित होते.

प्रत्यक्ष वसुलीनेही हेच दिसतं. २०१८-१९ मध्ये कंपनीकरातून ६.६३ लाख कोटी आले होते. देशाचं सकल उत्पन्न तेव्हा १८९ लाख कोटींच्या घरात, म्हणजे कंपनीकर त्याच्या साडेतीन टक्के. २०२३-२४ मध्ये वसुली ९.११ लाख कोटी, सकल उत्पन्न सुमारे ३०० लाख कोटी; प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास. व्यक्तींचा आयकर याच काळात ४.७३ लाख कोटींवरून १०.४५ लाख कोटींवर गेला, म्हणजे अडीच टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांवर. (या आयकरात फक्त पगारदार नाहीत, छोटे व्यावसायिक आणि शेअर विकून नफा कमावणारेही त्यातच येतात.)

यावर ठरलेलं उत्तर येतं: दर कमी केले तरी कंपनीकराची वसुली वाढलीच ना? वाढली. महागाई वाढली, उलाढाल वाढली, सगळंच वाढलं. प्रमाण मात्र घटलं. अर्धा टक्का म्हणजे २०२३-२४ च्या हिशोबाने दीड लाख कोटी. पणजीतला १.४५ लाख कोटींचा अंदाज इतक्या जवळ यावा, याला योगायोगाचाही थोडा हातभार असेल. संसदेच्या अंदाज समितीपुढे आलेला आकडा लहान होता, २०१९-२० आणि २०२०-२१ ही दोन वर्षं मिळून १.८४ लाख कोटी. पण त्यातलं दुसरं वर्ष टाळेबंदीचं. 

सवलतीमागचा युक्तिवाद असा होता की कर वाचला की कंपन्या तो पैसा गुंतवतील, कारखाने निघतील, नोकऱ्या मिळतील. पाच वर्षांनी काय झालं हे सांगायला डाव्या पुस्तिका उघडायची गरज नाही. जानेवारी २०२५ चा सरकारचा स्वतःचा आर्थिक पाहणी अहवाल म्हणतो की निफ्टी ५०० मधल्या कंपन्यांचा नफा २०२३-२४ मध्ये सकल उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांवर गेला. २००७-०८ नंतरचा हा सर्वांत मोठा वाटा. त्या वर्षी मोठ्या कंपन्यांचे नफे २२.३ टक्क्यांनी वाढले आणि नोकऱ्या दीड टक्क्याने. पगारवाढ मंदावली, हेही तिथेच लिहिलंय. अर्थखात्याच्या अहवालात हे वाचायला मिळतं तेव्हा आम्हा लोकांना घोषणा लिहिण्याचे कष्टही उरत नाहीत.

या सगळ्यात एक बारीक गोष्ट कोणी बोलत नाही. कंपनीकर घटला, पण भागीदारी फर्मचा कर ३० टक्केच राहिला. चार टक्के उपकर धरून ३१.२. म्हणजे इचलकरंजीत दोन भावांनी भागीदारीत यंत्रमाग टाकले असतील तर त्यांच्या फर्मच्या नफ्यावर ३१.२ टक्के, आणि त्यांना सूत पुरवणाऱ्या बड्या कंपनीच्या नफ्यावर २५.१७. ‘उद्योगांना चालना’ म्हणताना कुठले उद्योग डोळ्यांसमोर होते, ते या सहा टक्क्यांत दिसतं. या दोन भावांनी मतदान कोणाला केलं असेल याचाही मला अंदाज आहे, आणि डाव्यांनी त्यांच्याशी कधी बोलायचा प्रयत्न केला नाही याचीही खात्री आहे.

आता पेट्रोल. यावर जरा थांबायला हवं, कारण जीएसटीवर दोन्ही बाजू रोज भांडतात आणि पेट्रोल जीएसटीच्या बाहेर आहे.

एप्रिल २०१४ मध्ये लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क ९.४८ रुपये होतं. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चं तेल घसरत होतं, आणि या सव्वा वर्षात शुल्क नऊ वेळा वाढवलं गेलं. मे २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असताना, ते ३२.९८ रुपयांवर पोहोचलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच रुपयांनी उतरवलं, मे २०२२ मध्ये आठ रुपयांनी, मग एप्रिल २०२५ मध्ये दोन रुपयांनी पुन्हा चढवून २१.९० केलं. पेट्रोलियम पदार्थांवरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला २०१४-१५ मध्ये ९९ हजार कोटी मिळाले होते. २०२०-२१ मध्ये ३.७३ लाख कोटी. जग स्वस्त तेलावर चाललं होतं आणि त्या स्वस्ताईचा मोठा हिस्सा वाटेतच, सरकारी तिजोरीत उतरवून घेतला जात होता.

हे कोणाच्या खिशातून गेलं? मोटारसायकलवर जेवण नाहीतर किराणा पोहोचवणारा एक मुलगा घ्या. दिवसाला नव्वदएक किलोमीटर फिरणं, गाडी पंचेचाळीसचं ॲव्हरेज देते, म्हणजे रोज दोन लिटर. महिन्याला २६ दिवस काम: ५२ लिटर. २०२५ मधल्या २१.९० च्या दराने केंद्राचं शुल्क महिन्याला १,१३९ रुपये, वर्षाला १३,६६६. राज्याचा व्हॅट यात धरलेलाच नाही, आणि तो शुल्कासकट किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. कंपनी त्याला ‘पार्टनर’ म्हणते, म्हणून पेट्रोल त्याचं त्याने घालायचं.

आता वर्षाला बारा लाख कमावणारा पगारदार घ्या. नव्या करपद्धतीत त्याचा आयकर शून्य. तोही पेट्रोल भरतो, खरं आहे. पण बारा लाखांतून. पोट भरण्यापुरतं मिळवणाऱ्या त्या मुलाने केंद्राला नुसत्या टाकीतून साडेतेरा हजार द्यायचे, आणि रात्री नऊला बिर्याणीचं पार्सल त्याच्या हातून घेणाऱ्याने म्हणायचं, ‘कर आम्ही भरतो, देश आम्ही चालवतो.’

पेट्रोलच्या त्या शुल्कातली रचना आणखी मजेशीर आहे. २०२५ मधल्या २१.९० पैकी मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४० रुपये होतं. बाकीचे २०.५० विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर. असं का? कारण राज्यांना वाटा द्यावा लागतो तो मूळ करातून. उपकर आणि अधिभार केंद्राने एकट्याने ठेवायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के दिले, ते १.४० रुपयांचे. म्हणजे सगळ्या राज्यांना मिळून लिटरमागे ५७ पैसे. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, म्हणजे साडेतीन पैशांहून किंचित जास्त. कोल्हापूरच्या पंपावर भरलेल्या एका लिटरमागे दिल्लीने २१.९० घेतले आणि वाटपातून मुंबईत मंत्रालयाकडे परत आले ते साडेतीन पैसे. ‘डबल इंजिन’च्या भाषणात हा आकडा मी अजून ऐकलेला नाही.

मग राज्य काय करतं? तेही पेट्रोललाच हात घालतं. मुंबईत व्हॅट २५ टक्के, आणि वर लिटरमागे ५.१२ रुपये. ऑक्टोबर २०१५ मध्ये महाराष्ट्राने दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले होते. पाऊस नंतर पडला, धरणं भरून वाहिली, कोल्हापूर-सांगलीला दोनदा महापूर येऊन गेला. दुष्काळाचा बोजा मात्र एकदम कोणी उतरवला नाही. आणि तेव्हा डाव्यांचं सरकार असलेल्या केरळने? एप्रिल २०२३ पासून सामाजिक सुरक्षेच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर दोन रुपये उपकर लावला. पेन्शन द्यायची होती, केंद्राने कर्जावर मर्यादा घातली होती, कारणं खरी होती. पण रिक्षावाल्याच्या टाकीतून पेन्शन काढणं हे डावं धोरण आहे असं मला कोणी पटवून देऊ नये.

इथे एका आकड्याबद्दल बोलायला हवं, कारण तो आमच्याच बाजूचे लोक उठता बसता फेकतात. ऑक्सफॅम इंडियाच्या जानेवारी २०२३ च्या अहवालानुसार देशातला ६४ टक्के जीएसटी तळातली ५० टक्के जनता भरते आणि वरचे दहा टक्के फक्त चार टक्के. मी तो वापरत नाही. तळातला निम्मा देश मुळात खर्चच किती करतो? सरकारच्या २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भागातल्या सर्वांत गरीब पाच टक्क्यांचा दरडोई मासिक खर्च १,३७३ रुपये होता, शहरातल्या सर्वांत श्रीमंत पाच टक्क्यांचा २०,८२४. गरिबांच्या खर्चातला मोठा भाग धान्य, भाजी, दूध यांवर जातो, आणि सुट्या धान्यावर, भाजीवर जीएसटी नाही. मग दोन तृतीयांश जीएसटी त्यांच्याकडून कसा येईल? रुपयांत मोजलं तर वरचेच जास्त भरतात.

मोजायचं असतं ते कमाईच्या प्रमाणात. समजा पंधरा हजार कमावणारी बाई पंधराच्या पंधरा हजार खर्च करते, आणि पाच लाख कमावणारा दीड लाख खर्च करून बाकी शेअर-जमिनीत टाकतो. दोघांच्या खर्चावर सरासरी आठ टक्के अप्रत्यक्ष कर धरू. तिचे बाराशे गेले, त्याचे बारा हजार. तिच्या कमाईचे आठ टक्के, त्याच्या कमाईचे २.४. आठ टक्के हा माझा धरलेला आकडा आहे. तो पाच धरा नाहीतर बारा, गुणोत्तर तेच राहतं. एवढं पुरेसं असताना फुगवलेला आकडा कशाला हवा? समोरच्याने तो एकदा खोडला की आपलं खरं म्हणणंही त्याच्याबरोबर वाहून जातं.

प्रत्यक्ष आयकर भरणारे किती, हेही एकदा सांगून टाकू. २०२२-२३ मध्ये ७.४० कोटी लोकांनी रिटर्न भरलं, त्यातल्या ५.१६ कोटींचा कर शून्य होता. म्हणजे सव्वादोन कोटी लोक हा सगळा आयकर भरतात. त्यांची कुरकुर खोटी नाही. पगारातून कापून जातो, लपवायला जागा नसते, आणि बदल्यात सरकारी शाळा आपल्या मुलासाठी चालत नाही, सरकारी दवाखाना आईसाठी चालत नाही. आरोग्यावर सरकारी खर्च सकल उत्पन्नाच्या अडीच टक्के करू असं २०१७ च्या धोरणात लिहिलं होतं, २०२५ ची मुदत घालून. २०२१-२२ मध्ये, तेही कोविडच्या काळात, तो १.८४ टक्के होता. वैतागाला कारण आहे. माझा आक्षेप तो वैताग कोणावर निघतो, याला आहे.

कारण तो निघतो रेशनवर. ८१ कोटी लोकांना महिन्याला माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, हे सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला येतं. तो निघतो ‘लाडकी बहीण’वर. महिना १,५०० रुपये, २०२५-२६ साठी ३६ हजार कोटींची तरतूद. या योजनेबद्दल मलाही शंका आहेत. ती निवडणुकीच्या तोंडावर आली, २,१०० चं आश्वासन मतमोजणीनंतर मागे पडलं, आणि अंगणवाडी सेविकेचं मानधन वाढवताना रडणाऱ्या सरकारला इतके पैसे एका रात्रीत कसे सापडले, हा प्रश्न आहेच. पण ३६ हजार कोटी म्हणजे पणजीतल्या त्या सवलतीच्या पाव भाग. ‘रेवडी’ म्हणून एका आकड्याला नावं ठेवायची तर चौपट आकड्याला निदान मिठाई तरी म्हणा.

रेल्वेचं उदाहरण तर घरोघरचं. ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये कोविडचं निमित्त करून थांबवली. कोविड गेला, सवलत परतली नाही. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार पाच वर्षांत रेल्वेला यातून ८,९१३ कोटी जास्तीचे मिळाले, म्हणजे वर्षाला अठराशे कोटींच्या आत. सरकार सांगतं की प्रत्येक तिकिटावर आम्ही आधीच ४६ टक्के सोसतो. असेल. पण १.४५ लाख कोटी परवडले आणि अठराशे कोटी परवडत नाहीत? ऐंशी पटींचा फरक आहे. आमच्या एसटीने, जिच्या तोट्याच्या बातम्या वाचत आम्ही मोठे झालो, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट आणि स्त्रियांना अर्धं तिकीट करून दाखवलं. महाराष्ट्रात हे कोणाच्या सरकारने केलं ते मला माहीत आहे, श्रेय त्यांचंच.

शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराचा भार उचलावा, ही कल्पना आपल्याकडे परकी अजिबात नाही. पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात; वर्षाचे २,५०० झाले. हा व्यवसाय कर १९७५ चा, आणि तो बसवला गेला रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये ज्या कल्पनेचा प्रयोग केला, ती १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि त्या कामाचे पैसे शहरातल्या कमावत्या माणसाच्या पगारातून, तितकीच भर राज्याच्या तिजोरीतून. पागे काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती, पिंड गांधीवादी. पण त्यांच्या योजनेमागे शेकाप, समाजवादी आणि कम्युनिस्टांनी मोर्चांचा रेटा ठेवला, म्हणून ती कागदावर राहिली नाही. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच बीजातून उगवला.

त्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा होता. २०२५-२६ मध्ये तरतूद ८६ हजार कोटी, महाराष्ट्रातला मजुरीदर ३१२ रुपये. हमी शंभर दिवसांची, प्रत्यक्षात कुटुंबामागे मिळणारं काम पन्नास दिवसांच्या आसपास. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा आणला, ज्याला लोक ‘जी राम जी’ म्हणतात. दिवस १०० चे १२५ झाले. पण खर्चाची वाटणी ६०-४० झाली, चाळीस टक्के राज्यांनी घालायचे. ज्या राज्याला पेट्रोलच्या लिटरमागे साडेतीन पैसे परत येतात, त्याने ते कुठून घालायचे? बहुधा पेट्रोलवरूनच.

मग पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न आम्हाला दर वेळी विचारतात, आणि विचारायलाच हवा. १९५३ मध्ये भारतात मालमत्ता शुल्क आलं, म्हणजे वारसाहक्काने मिळणाऱ्या संपत्तीवरचा कर. तेव्हा अर्थमंत्री होते रायगडचे चिंतामणराव देशमुख. तीनच वर्षांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे, म्हणून आपण त्यांना लक्षात ठेवलं. मृत्यूनंतरच्या संपत्तीवर कर लावणारे म्हणून विसरलो. ते बोल्शेविक नव्हते, आयसीएस होते, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. १९५७ मध्ये संपत्ती कर आला. पहिला १९८५ मध्ये रद्द झाला, दुसरा २०१५ मध्ये. दोन्ही वेळा कारण तेच, वसुली नगण्य. मालमत्ता शुल्काचा सर्वांत वरचा दर ८५ टक्के होता आणि हाती यायचे जेमतेम वीस कोटी. असा कर म्हणजे नुसता धाक. संपत्ती करातून २०१३-१४ मध्ये १,००८ कोटी आले होते. शेअर त्यात धरतच नसत, मग येणार किती? अरुण जेटलींनी तो काढून श्रीमंतांच्या आयकरावर दोन टक्के अधिभार लावला आणि नऊ हजार कोटी मिळतील असं सांगितलं. वसुलीच्या दृष्टीने सौदा वाईट नव्हता. फक्त संपत्ती करात राज्यांचा वाटा असे, अधिभारात नसतो. आणि २०२३ मध्ये पाच कोटींवरच्या उत्पन्नाचा अधिभार नव्या पद्धतीत ३७ वरून २५ टक्क्यांवर आणला गेला. सर्वांत वरचा दर ४२.७४ वरून ३९ झाला. बिस्किटावर तेव्हा १८ टक्के चालू होते.

एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा नुसता उल्लेख केला, तर प्रचारात थेट मंगळसूत्रापर्यंत गोष्ट गेली आणि काँग्रेसने हात झटकले. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं होतं की २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्क्याकडे ४०.१ टक्के संपत्ती आहे, तळातल्या निम्म्यांकडे ६.४ टक्के. त्यांचा प्रस्ताव असा: दहा कोटींच्या वरच्या संपत्तीवर दरवर्षी दोन टक्के आणि दहा कोटींच्या वरच्या वारशावर ३३ टक्के. कोणाचं मंगळसूत्र दहा कोटींचं आहे ते ज्याने त्याने पाहावं. त्यांच्या हिशोबाने ०.०४ टक्के प्रौढांना हा कर लागू होतो, म्हणजे साधारण पावणेचार लाख माणसं, आणि मिळतात सकल उत्पन्नाच्या २.७३ टक्के.

मला हा अंदाज जास्तीचा वाटतो. पैसा दुबईला जाईल, ट्रस्ट निघतील, शेतजमिनीच्या नावाखाली दडेल. शेतीचं उत्पन्न करमुक्त ठेवून साखरपट्ट्यातल्या बागाईतदारांना आपण जी सवय लावली आहे ती एका कायद्याने जाणार नाही, आणि त्याबद्दल बोलायला आमचे डावे पक्षही कचरतात. म्हणून अर्धीच वसुली धरू. सकल उत्पन्न ३०० लाख कोटी, त्याचे १.३६ टक्के: चार लाख कोटींच्या थोडे वर. रोजगार हमीची ८६ हजार कोटींची तरतूद यात पावणेपाच वेळा बसते, आणि ज्येष्ठांची रेल्वे सवलत दोनशेहून जास्त वेळा.